पाचट एकट्याने राखता येत नाही

(शेतकी खात्याकडून : ऊस विकास अधिकारी)



'हवामान बदल' हा शब्द आता आपल्या शिवारात चांगलाच रुळला आहे. पूर्वी तो आकाशवाणीवर बोलणाऱ्या तज्ज्ञांच्या तोंडी असे. आता दारे धरणारा गडीसुद्धा म्हणतो, "सायेब, हवामानच बदललंय, त्याला तुमी-आमी काय करणार?" पहिला भाग खरा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे ऊस दिवसच्या दिवस पाण्याखाली उभा होता, शेंडे कुजले, कांड्यांना मुळ्या सुटल्या, पांगशा फुटल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन वाढीच्या महिन्यात आडसाली ऊस जागच्या जागी थांबला, कांडी आखूड पडली. २०२४ हे तर नोंदी सुरू झाल्यापासूनचे देशातले सर्वांत उष्ण वर्ष. यास्तव हवामान बदलले हे सांगायला आता कोणा तज्ज्ञाची गरज राहिलेली नाही.

माझा वाद आहे तो दुसऱ्या भागाशी. 'तुम्ही-आम्ही काय करणार' या चार शब्दांत सगळे काम बुडते. पूर्वी माणसे दैवावर टाकून मोकळी होत, आता हवामानावर टाकतात. यावर काही करायचे ते सरकारने, असा एक समज आहे. दुसरा समज असा की, करायचे ते ज्याने त्याने आपापल्या बांधाच्या आत. माझे वीस-बावीस वर्षांचे शिवारातले फिरणे मला तिसरेच सांगते. ही कामे ना मुंबईची आहेत, ना एकट्या शेतकऱ्याची. ती वस्तीची आहेत, शिवाराची आहेत, एका पाटाखालच्या किंवा एका ओढ्याकाठच्या पंचवीस-तीस खातेदारांची आहेत. त्यांनी मिळून ठरवले तर होतात, नाहीतर होत नाहीत.

झाडे लावण्याच्या कार्यक्रमाबद्दल मी इथे लिहिणार नाही. दरवर्षी ५ जूनला आपण खड्डे घेतो, रोप धरून फोटो काढतो आणि पुढच्या वर्षी बहुधा त्याच खड्ड्यात नवे रोप लावतो. जगलेल्या झाडांना माझा नमस्कार आहे. पण आपल्या धंद्याशी ज्याचा रोजचा संबंध आहे अशा दोन गोष्टी आहेत, पाचट आणि पाणी, आणि त्यांच्याबद्दल बोलायला आपण कचरतो.

आधी पाचट. एकरी तीन ते चार टन पाचट आपल्या रानात पडते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, पाव टक्क्याच्या आत स्फुरद, एक टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. हिशेब घरी बसून करता येईल. चार टन पाचटात वीस किलो नत्र म्हणजे युरियाची जवळजवळ एक गोणी, आणि चाळीस किलो पालाश म्हणजे पोटॅशची सव्वा गोणी. कर्ब बाराशे-पंधराशे किलो. काडी लावली की नत्र आणि कर्ब धूर होऊन जातात, राखेत थोडे पालाश उरते, तेही पहिल्या वावटळीत शेजाऱ्याच्या रानात. मातीचा वरचा थर भाजतो, त्यातले जिवाणू मरतात. मग त्याच रानात आपण दुकानातून जिवाणू खताची बाटली आणून ओततो. धूर जातो त्याचे काय होते, ते आता शाळेतली पोरे सांगतात.

पाचट कसे कुजवायचे हे या पानावर अनेकदा छापून झाले आहे, पण नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. ऊस तुटल्यावर खोडव्यात पाचट पसरून घ्यावे, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटावेत, पाचटावर एकरी बत्तीस किलो युरिया, चाळीस किलो सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. युरिया विसरू नये. पाचट कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतले नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो, मग लोक म्हणतात 'पाचटानं ऊस खाल्ला'. पाचटाने नाही खाल्ला, तुमच्या वाचवलेल्या गोणीने खाल्ला.

हे सगळे लोकांना ठाऊक आहे. मग जाळतात का? मी शेकडो जणांना विचारले आहे. अज्ञान हे कारण फार थोड्यांचे निघते. खरे कारण शेजारी असते.

आमच्या गटातले एक सभासद, नाव लिहीत नाही, त्यांनी तीन वर्षे खोडव्यात पाचट राखले. चौथ्या वर्षी फेब्रुवारीच्या उन्हात पलीकडच्या बांधावर कोणीतरी पाचट पेटवले. वारा फिरला. यांचे पसरलेले वाळके पाचट, त्यात नुकताच फुटलेला खोडवा आणि ठिबकच्या नळ्या, सगळे अर्ध्या तासात गेले. पंचनामा झाला, भाऊबंदकीचे जुने भांडण वर आले, आणि पुढच्या वर्षी त्या गृहस्थांनी ऊस तुटताच आपल्या हाताने काडी लावली. मला म्हणाले, "साहेब, दुसऱ्यानं पेटवण्यापेक्षा आपलं आपण पेटवलेलं बरं, निदान नळ्या तरी गुंडाळून ठेवता येतात." या माणसाला मी कुठल्या तोंडाने अर्ध्या टक्क्याचे नत्र सांगू?

म्हणून मी म्हणतो की पाचट एकट्याने राखता येत नाही. ज्या शिवारात चाळीस जणांपैकी दहा जण राखतात तिथे ते दहा जण आगीच्या तोंडाशी बसलेले असतात. शहाणपणाची शिक्षा त्यांना. आणि जिथे सगळेच राखतात तिथे आगपेटी बाहेर काढायला माणूस कचरतो.

अशी एक वस्ती आमच्याकडे आहे. वीस-बावीस खातेदार, एकाच चारीवर. त्यांनी काही ठराव-बिराव लिहिला नाही. मारुतीच्या पारावर बसून एवढेच ठरवले की, ऊस तुटल्यापासून पंधरा दिवस कोणी काडी लावायची नाही, आणि लावायचीच असेल तर आदल्या दिवशी बांधाला लागून असलेल्या सगळ्यांना सांगायचे. बंदी नाही, नुसती सांगण्याची अट. पण सांगायला जायचे म्हणजे चार जणांचे तोंड बघायचे. पहिल्या वर्षी निम्म्यांनी जाळले. दुसऱ्या वर्षी कुट्टीचे यंत्र भाड्याने आणायचे ठरले. सलग रान मिळाल्यामुळे ट्रॅक्टरवाल्याला फेऱ्या कमी पडल्या आणि त्याने भाडे कमी लावले. एकट्याच्या दीड एकरासाठी तो पाच कोसांवरून यायला तयार नव्हता. आता त्या वस्तीवर फेब्रुवारीत धूर दिसत नाही. उन्हाळ्यात त्यांच्या खोडव्याची पाण्याची पाळी शेजारच्या शिवारापेक्षा दोन-चार दिवस जास्त लांबते, कारण पाचटाखालची ओल उडत नाही.

इथे आपल्या कारखान्यालाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत, मी कारखान्याचाच नोकर असलो तरी. तोडणीचा प्रोग्राम आपण लागणीच्या तारखेवर आणि जातीवर लावतो, ते बरोबरच आहे, पक्वता बघायलाच हवी. पण एका चारीवरचा ऊस आज एक, वीस दिवसांनी दुसरा, महिन्याने तिसरा असा तुटला तर पाचटाचे सामुदायिक काम होणार कसे? कुणाचे पाचट कुजत असते, कुणाचे नुकते पडलेले असते, आणि टोळी हलली की कुणाची काडी लागते. निदान खोडव्याच्या टप्प्यात शिवारवार तोड देता येईल. शेतकी खात्याला यात त्रास आहे, मला ठाऊक आहे, कारण तो त्रास माझ्याच टेबलावर येणार आहे.

दुसरी गोष्ट जळीत उसाची. ऊस जाळून तोडला की कपात शेतकऱ्याच्या बिलातून होते. पण पेटवतो कोण? पुष्कळदा टोळी पेटवते, आणि शेतकरी 'तुटतोय ना, तुटू दे' म्हणून गप्प बसतो. टोळीला दोष देणे सोपे आहे. त्यांची मजुरी टनावर. जळीत फडात पाला नाही, कूस नाही, दिवसाकाठी मोळ्या जास्त निघतात. पहाटे चारला थंडीत उभी राहणारी नवरा-बायकोची जोडी, पाठीवर उचल, कोपीत लेकरे. त्यांना कर्बाचे व्याख्यान द्यायला मी तरी जाणार नाही. हिरवा ऊस तोडण्याला टनामागे काही जादा दिले पाहिजे आणि तो पैसा जळीत कपातीतून उभा करता येईल, असे माझे मत आहे. संचालक मंडळापुढे ते मी मांडले आहे, इथेही लिहितो. जाता जाता, ही माणसे येतात कुठून? बीडकडून, नगरच्या पूर्वेकडून. ज्यांच्या रानात पाणी नाही तीच माणसे आपला पाण्यावर पोसलेला ऊस तोडायला येतात.

आता पाण्याकडे येतो, जे जड जाणार आहे.

सुरू उसाला पाटाने पाणी द्यायचे तर सुमारे २५० सेंटिमीटर लागते, आडसालीला त्याहून जास्त. सेंटिमीटरमध्ये सांगितले की कुणाला काही वाटत नाही. लिटरमध्ये सांगतो. एका एकरावर २५० सेंटिमीटर पाणी म्हणजे एक कोटी लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, ते आपण सर्वांनी वर्तमानपत्रात पाहिले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या, पंचवीस लाख लिटरच्या. म्हणजे आपला एक एकर ऊस अशा चार पन्नास-वाघिणींच्या गाड्या पितो. यात पावसाचे पाणीही धरलेले आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी तो सगळा भार विहिरीवर. राज्यात पिकांखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास ऊस आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा सुमारे सत्तर टक्के, ही आकडेवारी सरकारी अहवालांत वारंवार येते. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. काही जण चिडतात. मीही पूर्वी चिडत असे, म्हणायचो की उसाने शाळा काढल्या, दवाखाने काढले, रस्ते केले, ते कोणी मोजत नाही. ते खरेच आहे. पण त्याने विहिरीची पातळी वर येत नाही.

पाण्याच्या बाबतीत गावाने मिळून काही केले अशी महाराष्ट्रातली नावाजलेली उदाहरणे घ्या. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यात नायगावला गेले आणि तिथे त्यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम काय होते? पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क त्याबरोबर विकला जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः उभा करायचा. आणि ऊस लावायचा नाही.

१९८० नंतरच्या दशकात सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर स्वतःचे बळीराजा धरण बांधले. नदीची वाळू ठेकेदार नेत होते, ती लोकांनी स्वतः विकून पैसा उभा केला. पाणी समान वाटायचे ठरले, भूमिहीनालाही वाटा. आणि उसाला पाणी नाही.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार तर सर्वांना माहीत आहे. पोपटराव पवार तिथे सरपंच झाल्यापासून डोंगरावर चर, ओढ्यावर बांध, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी अशी कामे झाली. पण माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम पुढचे आहे. दरवर्षी पाऊस संपला की किती पडला, जमिनीत किती मुरला, विहिरींना किती आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे बाजूला काढायचे, आणि उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचे ते गावाने ठरवायचे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. ऊस-केळी लावायची नाही.

तीन जिल्हे, तीन वेगळ्या विचारांची माणसे, आणि तिघांच्या नियमांत उसाला दाराबाहेर उभे केले आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने हे कारखान्याच्या अंकात लिहावे का, असा प्रश्न काही जण विचारतील. मला वाटते आपणच लिहावे. दुसऱ्या कुणी लिहिले तर आपण त्याला ऊसद्वेष्टा म्हणून मोकळे होतो.

उसाला बंदी करा असे मला म्हणायचे नाही. आपल्या कार्यक्षेत्रात काळी, खोल, पाटाखालची जमीन आहे, तिथे ऊस हेच पीक आहे. पण बंदी आणि मोकाट यांच्यामध्ये एक जागा असते, आणि ती आपल्याच मुलखात होती. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत तीनशे-चारशे वर्षे चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, कुठल्या फडात काय लावायचे ते लाभधारकांनी मिळून ठरवायचे, एका फडात सगळ्यांचे एकच पीक. उसालाही फड असे, पण एवढाच, आणि पाळीने बदलणारा. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाणी कमी असले की एखादा फड पडीक, आणि त्याची झळ सगळ्यांना सारखी, कारण प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला म्हणून एकाचा ऊस वाळला आणि दुसऱ्याचा हिरवा राहिला, ही गोष्ट त्या व्यवस्थेत बसतच नव्हती.

आपल्याकडे आज काय आहे? ज्याची विहीर उथळ त्याचा ऊस आधी वाळतो. तो कर्ज काढून बोअर घेतो. मग शेजारच्याची विहीर उतरते. तो दुसरे बोअर घेतो, आणखी शंभर फूट खाली. शेवटी वस्तीवरचा हातपंप हवा ओकायला लागतो आणि बायामाणसे हंडे घेऊन निघतात. यात कोणी चोर नाही, प्रत्येक जण आपला ऊस जगवतो आहे. खाली पाणी मात्र एकच आहे. त्याला सातबारा नाही, बांध नाही. सौर पंपाचेही मला जरा भय वाटते. वस्तू उत्तम आहे, धूर नाही, बिल नाही, रात्री सापा-विंचवात मोटर चालू करायला जावे लागत नाही. पण बिल नाही म्हणून दिवसभर मोटर चालू राहिली तर विहिरीचे काय? आठ तासांची वीज होती तोवर लोडशेडिंग हाच आपला पाटकरी होता म्हणायचा!

२०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. पुढे काय झाले ते बांधावर उभे राहिले की दिसते. सक्ती वरून आली की आपण अनुदानापुरती नळी अंथरतो. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावेच्या गावे श्रमदानाला उतरली, ते दृश्य मी विसरणार नाही. सून-सासू एका चरात घमेली उचलत होत्या. पण माझ्या पाहण्यातल्या काही गावांत चर भरले, विहिरी भरल्या, आणि पुढच्याच आडसाली हंगामात नवी लागण वाढली. दोन वर्षांत पाणी पुन्हा तळाला. चर खोदायला गाव एकत्र येते, पाणी वाटायला येत नाही. खोदण्यात घाम जातो, वाटण्यात हक्क जातो.

"साहेब, पगार उसावर घेता आणि ऊस कमी करा म्हणता," हे मला तोंडावर ऐकवले गेले आहे, इथेच उत्तर देतो. कारखान्याला एकर गाळायचे नसतात, टन गाळायचे असतात. राज्याची सरासरी एकरी पस्तीस टनांच्या आसपास घुटमळते. चार एकरांत पस्तीसप्रमाणे एकशे चाळीस टन. तेच तीन एकरांत पन्नासप्रमाणे एकशे पन्नास. पन्नास काही स्वप्न नाही. पाचट राखून, वेळेवर बांधणी करून, ठिबकवर खते देऊन आपलेच सभासद त्याच्या पुढे गेले आहेत. ठिबकवर चाळीस-पन्नास टक्के पाणी वाचते ते वेगळे. मोकळ्या झालेल्या चौथ्या एकरात हरभरा घ्या, ज्वारी घ्या, जनावराला कडबा होईल. कारखाना उपाशी राहणार नाही. उलट ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी चार एकरांतला ऊस चाऱ्याला जातो, त्यापेक्षा तीन एकरांतला हुकमी ऊस आम्हाला हवा.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मी झाकणार नाही. कमी कोणी करायचा? दीड एकरवाल्याने की पंधरा एकरवाल्याने? सगळ्यांनी सारखे टक्के सोडायचे म्हटले तर लहानाचे चूल्हीतले जाते आणि मोठ्याचे वरचे जाते. नायगावने माणशी हिशेब धरला, म्हणून तिथे लहान माणूस टिकला. आपल्याकडे मोठा बागायतदार हे मान्य करील का? काही करतील. पण सुरुवात लहानाकडून मागू नये एवढे मला कळते. ज्यांच्या नावे नोंद मोठी, ज्यांच्या शेतात तीन-तीन बोअर, ज्यांना आपण सभेत पहिल्या रांगेत बसवतो, त्यांनी आपल्या शिवाराच्या बैठकीत आधी बोलावे. दीड एकरवाला मग मागे राहणार नाही, हा माझा अनुभव आहे.

एकत्र येऊन काम होते याचे उदाहरण ऊस पट्ट्यातच हवे असेल तर शिरोळ तालुक्याकडे बघा. नदीकाठची जमीन अति पाण्याने क्षारपड झाली, पांढरी पडली. निचऱ्याच्या सच्छिद्र पाइप जमिनीखालून घालायच्या तर पाणी शेजाऱ्याच्या रानातूनच ओढ्याला जाणार, एकट्याचा निचरा होऊच शकत नाही. तिथे श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी गटाने एकत्र आले, स्वतः कर्ज काढून पाइप घातल्या, आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. ज्यांची जमीन अजून पांढरी झाली नाही त्यांनीही जाऊन पाहून यावे. जास्त पाणी दिले की काय होते ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजते.

लोक विचारतात, सुरुवात कशी करायची, कुठली योजना आहे, अनुदान किती. माझी विनंती आहे की पहिल्या वर्षी योजना शोधू नये. योजना आली की अध्यक्ष कोण यावर भांडण होते. पहिल्या वर्षी फक्त मोजावे. दसऱ्यानंतर, पाऊस उघडला की, शिवारातल्या दहा-बारा विहिरींत दोरीला दगड बांधून सोडावा आणि काठापासून पाणी किती हातांवर आहे ते लिहून ठेवावे. हेच संक्रांतीला, हेच पाडव्याला. सोसायटीच्या भिंतीवर खडूने लिहावे, म्हणजे येता-जाता सगळे वाचतील. त्याच भिंतीवर शिवारात ऊस किती एकर उभा आहे तेही लिहावे. नोंदीचा आकडा आमच्याकडे तयार असतो. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की पारावरचे बोलणे आपोआप वळते. एका गावात एवढेच केले, तर एका म्हाताऱ्याने विचारले, "हे पाडव्याचं पाणी आन् एवढा ऊस, जमायचं कसं?" त्या रात्री बैठक दोन वाजेपर्यंत चालली.

पाचटाचे त्याहून सोपे आहे. तोड सुरू होण्याआधी एका चारीवरच्या लोकांनी बसावे, काडी लावण्याआधी सांगायची अट घालून घ्यावी, आणि कुट्टी यंत्राची मागणी एकत्र नोंदवावी.

येत्या हंगामासाठी शेतकी खात्याने असे ठरवले आहे की, ज्या चारीवरचे किंवा ओढ्याकाठचे किमान पंधरा खातेदार मिळून नावे देतील, तिथल्या खोडव्याची तोड शक्य तितकी सलग देण्याचा प्रयत्न केला जाईल. सर्वांचीच होईल असे वचन देत नाही, टोळ्या किती येतात त्यावर आहे. पाचट कुजविणारे जिवाणू गट कार्यालयात मिळतील, ते थंड जागी ठेवावेत, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून घरी नेऊ नयेत, मरतात. नावे चिटबॉयकडे किंवा गट कार्यालयात घटस्थापनेपर्यंत द्यावीत. बैठकीला बोलावल्यास मी स्वतः येईन. संध्याकाळी सातनंतरची वेळ ठेवावी, म्हणजे धारा काढून बायामाणसांनाही येता येईल, कारण हातपंपाचे पाणी किती हात खाली गेले ते त्यांनाच नीट ठाऊक असते.